तलावातला लाल चौकोन

आमच्या कॉलेजात संगणकांची एक खोली होती. तिची किल्ली क्लार्कच्या ड्रॉवरमध्ये असायची आणि संगणक प्लास्टिकच्या झाकणांखाली. नव्या अभ्यासक्रमात दूरसंवेदन आणि संगणकीय नकाशे असा पेपर लागला, तेव्हा प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं.

"मॅडम, तुम्ही पुण्याहून हेच शिकून आलात ना? मग हा पेपर तुमचा."

"सर, संगणक चालू होतील का?"

"एक-दोन होतात."

"आणि सॉफ्टवेअर?"

ते हसले. "फुकटात काय होतं ते बघा."

फुकटात बरंच काही होतं. पुण्यात शिकताना महागडी सॉफ्टवेअरं विद्यापीठाच्या लॅबमध्ये असायची. पण आमचे एक सर म्हणायचे, गावी गेल्यावर तुमच्याकडे लॅब नसेल, म्हणून फुकटचं आधी शिका. गावी परत जायचा माझा विचार नव्हता, तरी मी शिकले.

मी घाटाखालची. माहेर वरवट बकालचं. आमच्या जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग आहेत, आणि लग्नं जुळवताना लोक अजून ते बघतात. पुण्यात माझ्या 'काऊन' आणि 'मले'वर खोलीतल्या मुली पोट धरून हसायच्या. मी त्यांच्यासारखं बोलायला शिकले, परीक्षा दिली, आणि हैदराबादच्या एका नकाशे करणाऱ्या कंपनीत माझी निवड झाली. त्याच सुमारास घाटावरून स्थळ आलं. मुलगा शेती बघतो, घर मोठं, माणसं सुधारलेली, सुनेला नोकरी करू देतील. वडिलांना शब्द मिळाला, मला हैदराबाद मिळालं नाही. सुलतानपूरच्या पुढे, मुख्य रस्त्यापासून थोडं आत असलेल्या गावात मी नांदायला आले.

सासरच्यांनी शब्द पाळला, पण त्यांच्या रीतीने. माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणते, ते कॉलेजच्या स्थानिक समितीवर होते. त्यांनी मला तिथे तासिका तत्त्वावर लावून दिलं. म्हणजे वर्षभरापुरतं, पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत. सुलतानपूरच्या फाट्यावरून सकाळची बस, दुपारची परतीची बस. एखादी बस चुकली तर मी घरी पोचायच्या आत ती बातमी घरी पोचलेली असायची. आमच्या गोठ्यात गुरांना दोन प्रकारचं दावं असतं. रात्री बांधायचं आखूड, आणि बांधावर चरायला सोडतात तेव्हाचं लांब. नोकरी लागल्यावर मला वाटलं होतं, आपण सुटलो. महिनाभरात कळलं की दावं लांब केलंय, इतकंच.

घरात रेंज यायची ती फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहिलं तर. दुपारी सगळ्यांची जेवणं झाली की मी वाळवण राखायच्या निमित्ताने वर जायची आणि तासाची तयारी करायची. जाऊबाई खालून विचारायच्या, "अवं, पापडं राखून राह्यली का फोन?" मी म्हणायची, दोन्ही.

पहिल्या तासाला मी वर्गात सांगितलं, मोबाइल बाहेर काढा. मुलांना वाटलं जप्त करते, म्हणून निम्म्यांनी आणलेच नाहीत असं सांगितलं. मग हळूहळू बाकांखालून निघाले. तीन-तीन जणांत एक फोन धरून बसवलं आणि ब्राउझरमध्ये एक पत्ता टाकायला लावला. त्यावर युरोपच्या उपग्रहांनी काढलेली चित्रं उघडतात. दर काही दिवसांनी आपल्या प्रत्येक वावराचा फोटो निघतो आणि तो कोणालाही बघता येतो. पैसे नाहीत, परवाना नाही, परवानगी नाही. हा शेवटचा शब्द उच्चारताना मला स्वतःलाच काहीतरी झालं.

सगळ्यांनी आधी लोणारचं सरोवर शोधलं, मग आपापलं गाव. मी रंग बदलायचं बटण दाखवलं आणि फोनच्या पडद्यावर शेतं लालेलाल झाली.

खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे सगळं लाल काऊन? आग लागली काय?"

वर्ग हसला. मी हसले नाही, कारण प्रश्न चांगला होता. मी सांगितलं, की आपल्या डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश असतो. हिरवं पान तो भरभरून परत फेकतं आणि उपग्रहाला तो दिसतो. आपल्याला दाखवायला त्याला एखादा रंग द्यावा लागतो, म्हणून लाल दिला. जितकं जोमदार पीक, तितकं लाल. पाणी काळं. उघडी जमीन करडी.

"म्हणजे मॅडम, उन्हाळ्यात लाल दिसलं तर तिथं पाणी हाय."

"असतंच."

ही मुलगी आमच्याच गावची होती. गावाच्या शेवटी पिंजाऱ्यांच्या चार-दोन घरांची गल्ली आहे, तिथली. तिचे वडील कापूस पिंजून गाद्या भरतात. दिवाळीआधी आमच्या ओसरीवर बसून त्यांनी किती गाद्या भरल्या असतील. आई बकऱ्या पाळते. ती आणि मी एकाच बसने यायचो, पण बसमध्ये ती माझ्या शेजारी बसायची नाही. मागे उभी राहायची. मी दोन-तीनदा बोलावलं, मग सोडून दिलं. गाडीत आमच्या गावची माणसं असायची, आणि आम्ही दोघी कोणाच्या कोण ते त्यांना माहीत होतं.

इंटरनेटवर जगाचा एक खुला नकाशा आहे, ज्यात कोणीही भर घालू शकतं. त्यावर आमचं गाव म्हणजे एक रस्ता आणि एक ठिपका होता. मी वर्गाला सांगितलं, आपापल्या गल्ल्या काढा. काहींनी नुसतं देऊळ आणि शाळा टाकली. त्या मुलीने तिची पूर्ण गल्ली काढली. एकेक घर, हातपंप, मशीद, पिठाची गिरणी, चिंचेचं झाड. दुसऱ्या दिवशी ती हसत आली.

"आईले दाखवलं, मॅडम. आई म्हणे, बकऱ्या कुठं हाय?"

ते महिने फार चांगले गेले. चालू असलेल्या दोन संगणकांवर मी नकाशे करायचं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. क्लार्कने किल्ली माझ्याकडेच देऊन टाकली. मुलं तास संपला तरी उठायची नाहीत. मला वाटायचं, हैदराबाद गेलं तर गेलं.

मग प्रकल्पांची वेळ आली. प्रत्येक गटाने आपल्या भागातला एखादा बदल उपग्रहाच्या चित्रांवरून दाखवायचा होता. कोणी नवा महामार्ग घेतला, कोणी वाढणारं गाव घेतलं. त्या मुलीने दोन मैत्रिणींना घेऊन आमच्या गावचा पाझर तलाव घेतला.

"का गं, तोच का?"

"आमच्या बकऱ्या तिथं पाणी पितात, मॅडम. आई म्हणते, आधी होळीपावतर पाणी राहे. आता संक्रांतीलेच चिखल होते. काऊन होते ते पाहू म्हटलं."

यात मला काही वावगं दिसलं नाही. तिथे आमचीही जमीन आहे, हे डोक्यात आलंच नाही. सुनांना वावरं नावानिशी माहीत नसतात. आम्हाला डबा कुठे पाठवायचा तेवढं माहीत असतं.

काही आठवड्यांनी तास संपल्यावर ती थांबली. मैत्रिणींना तिने बाहेर पाठवलं आणि संगणकावर एकामागून एक चित्रं लावली. दर वर्षीचा मार्च महिना, तोच तलाव. सुरुवातीच्या चित्रांत तलावाच्या पोटात काळं पाणी आणि भोवती करडा गाळ. पुढे गाळावर एक फिकट गुलाबी पट्टा. मग त्याला कडा आल्या. मग तो लाल झाला. नखाएवढा, अगदी सरळ कडांचा चौकोन. भोवतालची वावरं उन्हाळ्यात करडी पडत होती आणि तो दर वर्षी अधिक लाल होत होता. तो वाढला तसं पाणी एका कोपऱ्यात सरकत गेलं होतं. पृथ्वीचा गोल फिरवून दाखवणारा जो नकाशा सगळ्यांच्या फोनमध्ये असतो, त्यात तिने तीच जागा जवळून दाखवली. चौकोनाभोवती मातीचा बांध स्पष्ट दिसत होता, आणि आत रांगेने झाडं.

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली.

तिने विचारलं, "हे वावर कोणाचं हाय ते मले माहीत हाय, मॅडम. लिहू का?"

कोणाचं ते तिच्या नजरेवरून मला कळलं. आमचं. लिही, असं म्हणून टाकायला माझी जीभ उचलली नाही. मी म्हणाले, "उपग्रहाला मालक दिसत नाही. चित्रात जे दिसतं तेच लिहायचं. तलावाच्या क्षेत्रात बारमाही झाडी, भोवती बांध, पाण्याचा विस्तार कमी. बस."

हा नियमच आहे. मी तो शिकवलाही असता, चौकोन कोणाचाही असता तरी. पण त्या दिवशी त्या नियमाच्या आडोशाला उभं राहून मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली.

रविवारी जाऊबाई वावरात चालल्या होत्या, त्यांच्याबरोबर मीही गेले. मोसंबीची बाग छान होती. खाली गार सावली, मऊ काळी माती. पलीकडे बांध, छातीपर्यंत उंच. मी त्यावर चढले. बांधाच्या त्या बाजूला तलाव म्हणवणारी डबक्याएवढी जागा होती आणि दोन बकऱ्या गुडघाभर चिखलात उभ्या होत्या. मी जिथे उभी होते ती जागा मी संगणकावर इतक्यांदा बघितली होती, की पायाखाली माती लागल्याचं नवल वाटलं.

संध्याकाळी मामाजी ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. मी चहा दिला आणि तिथेच उभी राहिले.

"मामाजी, आपली मोसंबीची बाग तलावात आहे का?"

त्यांनी वर पाहिलं. ओरडले नाहीत. "तळ्याच्या गाळात हाय. काऊन?"

"कॉलेजच्या मुलींनी तलावाचा नकाशा केलाय. त्यात दिसतं."

"दिसणारच. लपवून थोडीच लावली." ते कातरत राहिले. "तुले सांगतो. तळं उन्हाळ्यात उघडं पडे. सरकारच ती गाळाची जमीन एका हंगामापुरती पेरायले देत होतं. आम्ही हरभरा पेरू अन् पाणी यायच्या आत काढू. मग एका साली पाणी आलंच नाही. दुसऱ्या साली बी नाही. म्हटलं, रिकामी काऊन ठेवायची? झाडं लावली."

"आणि बांध?"

"पाऊस आला पुन्हा. झाडं बुडू द्यायची का मंग?"

त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. हीच माझी पंचाईत झाली. ते चिडले असते, नाही म्हणाले असते, तर मला माझी बाजू धरून उभं राहता आलं असतं. पण ते मला समजावून सांगत होते, घरच्या माणसाला सांगावं तसं. आणि मी घरचीच होते. त्या बागेच्या मोसंब्या मी माहेरी नेल्या होत्या.

"वर्गातली गोष्ट हाय ना?" ते म्हणाले. "वर्गातच राहू दे."

वर्गात राहिली नाही. आमच्या गावची मुलं त्या कॉलेजात होती आणि फोन सगळ्यांकडे होता. आठवड्याभरात लाल चौकोनाचं चित्र गावातल्या गटांवर फिरलं. कोणीतरी त्यावर बाण काढून आमच्या घराचं आडनाव लिहिलं होतं. ते त्या मुलीचं काम नव्हतं, हे मी आजही छातीठोक सांगते. पण चित्र तिचं होतं.

नवरा तसा शांत माणूस. जेवताना म्हणाला, "तो प्रकल्प बदलून टाक ना."

"तो बरोबर आहे."

"चूक हाय असं मी म्हणतो का? बदल म्हणतो."

कॉलेजात प्राचार्यांनी बोलावलं. वर्षअखेरीला विभागाचं प्रदर्शन असतं, समिती येते. "मॅडम, वातावरण कसं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. सरोवर घ्या, जंगल घ्या, बिबट्या घ्या. मुलींना दुसरा विषय द्या. पुढच्या वर्षीच्या मुलाखती जवळ आल्यात, मी तुमच्यासाठीच सांगतोय."

आणि त्याच दिवशी फाट्यावर बसमधून उतरले तेव्हा त्या मुलीचे वडील उभे होते. कपाळाला कापसाचा तंतू चिकटलेला. माझ्यापासून दोन हात लांबच थांबले.

"मॅडम, पोरगी हुशार हाय, खुदाची मेहरबानी. तुम्ही शिकवलं, तुमचे उपकार. पण तिले समजावा. आमचं पोट याच गावात हाय. मोठ्या घरानं पाठ फिरवली तर आम्ही कुठं जावं?"

मोठं घर म्हणजे आमचं. ते माझ्या घराची तक्रार माझ्याकडेच करत होते, आणि मी त्यांच्या मुलीला वाचवावं म्हणून माझ्याचपुढे हात जोडत होते. मी त्यांना हात खाली घ्यायला सांगितलं. "मी बघते," म्हणाले. काय बघणार होते ते मला माहीत नव्हतं. फाट्यापासून घरापर्यंत चालताना पहिल्यांदाच मला वाटलं, की हा रस्ता जितका चालावा तितका आत आत जातोय.

दुसऱ्या दिवशी मी तिला खोलीत बोलावलं आणि सांगितलं, की विषय बदलावा असं वरून म्हणणं आहे.

ती मान खाली घालून बसली होती. मग तिने वर पाहिलं. "मॅडम, एक विचारू? तुमच्या घरचं हाय म्हणून बदलायचं, का माझं चुकलं म्हणून?"

"तुझं काही चुकलेलं नाही."

"मंग मी दुसरं काय करू?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. मी तिला सहा महिने शिकवलं होतं की जे दिसतं ते लिहायचं. त्याच्या पुढचं मी तिला शिकवलंच नव्हतं, कारण ते मलाच येत नव्हतं.

तो तास मी तसाच घालवला. मुलं आपापलं करत होती आणि मी संगणकावर उगाच नकाशा सरकवत बसले होते. आमचा तलाव पडद्याबाहेर गेला आणि शेजारच्या गावचा आला. मार्च महिनाच लावलेला होता. त्या तलावाच्या पोटातही एक लाल तुकडा होता. मी पुढे सरकवला. पुढच्यात नव्हता. त्याच्या पुढच्यात दोन होते.

मी तिला हाक मारली. "इकडे ये. तुझा विषय बदलायचा नाही. मोठा करायचा."

पूर्ण वर्ग कामाला लागला. उपग्रहाच्या चित्रातलं पाणी वेगळं काढायचं एक सोपं गणित असतं, फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये ते दोन बटणांत होतं. मुलांनी तालुक्यातले जेवढे पाझर तलाव सापडले तेवढे घेतले, दर वर्षीचा पाण्याचा विस्तार काढला, आतली झाडी काढली. काही तलाव मोकळे होते, काही गाळाने भरलेले. बऱ्याच ठिकाणी लाल तुकडे होते, लहान-मोठे. तिच्याकडे सगळ्यांचं काम तपासायचं ठेवलं. ती दुसऱ्यांच्या चुका बेधडक दाखवायची. एका मुलाने ढगाची सावली पाणी म्हणून धरली होती, तर त्याला तिने सगळ्यांसमोर झापलं.

लोकांनी मला नंतर विचारलं, की ही युक्ती होती का. घरचा चौकोन गर्दीत लपवण्याची. मी स्वतःलाही विचारलं. भीती होती, हे खरं. पण एका तलावावरून काही सिद्ध होत नाही, सगळे बघावे लागतात, हेही खरं. दोन्हींतलं किती कुठलं, ते मला वेगळं करता आलेलं नाही.

तिचे वडील म्हणाले, तिचं एकटीचं नाव नको. ती म्हणाली, नाव पाहिजे. शेवटी प्रदर्शनाच्या तक्त्यावर पूर्ण वर्गाची नावं आली, हजेरीपटाच्या क्रमाने, आणि सर्वांत वर मार्गदर्शक म्हणून माझं. सासरच्या आडनावासकट. प्राचार्यांना मी सांगितलं, विषय बदललाय. ते खोटं नव्हतं.

प्रदर्शनाला समिती आली. पांढऱ्या कपड्यांतली पाच-सहा माणसं, त्यांत मामाजी. रांगोळी बघितली, खडकांचे नमुने बघितले आणि आमच्या तक्त्यापाशी आली. तक्त्यावर तलावांची छोटी छोटी चित्रं ओळीने लावलेली, खाली फक्त गावाचं नाव.

अध्यक्ष वाकून बघू लागले. "हे तर आपल्या..." म्हणाले आणि थांबले. दुसऱ्या एका सभासदांनी चष्मा काढून पुसला. मामाजींना आमचा तलाव शोधायला वेळ लागला नाही. त्यांनी त्यावर बोट ठेवलं, मग तेच बोट एकेक चित्रावरून सरकवत गेले. कोणाचं कुठे काय आहे ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांची मिशी हलली, हसले की काय कोण जाणे.

"सगळ्यायचंच हाय की," ते हळूच म्हणाले.

मग त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या त्या मुलीकडे पाहिलं. "तू पिंजाऱ्याची ना?"

"हो, आबा."

"हे लाल म्हणजे काय?"

मी मध्ये पडणार होते. तिने वेळच दिला नाही. "उन्हाळ्यात हिरवं राह्यलेलं, आबा. तळ्याचं पाणी त्याले भेटते म्हणून."

"बरोबर सांगितलं," ते म्हणाले, आणि पुढे गेले. अध्यक्ष म्हणाले, छान, मुलांनी मेहनत घेतली. सगळे चहाला गेले. ती तक्त्याला पाठ टेकून उभी होती आणि तोंडभर हसत होती.

आमच्या घरी कोणी मला एका शब्दाने बोललं नाही. त्या दिवाळीला गाद्या मेहकरहून तयार आणल्या. ओसरीवर तो कापूस उडाला नाही. आणि पुढच्या वर्षीच्या मुलाखतीचं मला बोलावणं आलं नाही.

"तासिका कमी झाल्या म्हणे," मामाजी म्हणाले. एकाच घराचं उघडं पडलं असतं तर चाललं असतं, पण मी एकाच तक्त्यावर सगळ्या समितीला बसवलं होतं. त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला की नाही, मी विचारलं नाही.

"बरंच झालं," नवरा म्हणाला. "दगदग वाचली तुझी."

दगदग वाचली. सकाळची बस फाट्यावरून जाताना हॉर्न द्यायची, तो घरात ऐकू यायचा. पहिले काही दिवस तो हॉर्न ऐकला की माझे हात थांबायचे. पिठात, भांड्यात, जिथे असतील तिथे. जाऊबाई ते बघायच्या. एकदा फक्त म्हणाल्या, "सवय होते गं." त्या शिवणकाम शिकवायला जायच्या लग्नाआधी, हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं एका चुलीवर स्वयंपाक करून.

तलावाचं म्हणाल तर पुढे मोजणीचा माणूस आला, फिरून गेला. उन्हाळ्यात गाळ काढायचं यंत्र आलं आणि त्याने मोकळ्या बाजूचा गाळ काढला. त्यामुळे पाणी थोडं जास्त टिकलं. बांधाला कोणी हात लावला नाही. बाग आहे.

मी गच्चीवर फोन घेऊन इंटरनेटवर टाकायला व्हिडिओ धडे तयार करायला लागले. चित्र कुठे उघडायचं, रंग कसा बदलायचा, पाणी कसं ओळखायचं, सगळं मराठीत. नवरा नाही म्हणाला नाही. फक्त चेहरा आणि नाव नको म्हणाला. त्यामुळे पडद्यावर नकाशा असतो आणि माझा आवाज. कुठले कुठले शिक्षक ते बघतात, खाली प्रश्न विचारतात. ताई, तुम्ही कुठल्या? मी नकाशाच्या प्रश्नांची उत्तरं देते, या प्रश्नाचं देत नाही.

त्या मुलीने पदवी पूर्ण केली आणि संभाजीनगरला याच विषयाच्या पुढच्या शिक्षणासाठी अर्ज भरला. नाव लागलं. ती पहिल्यांदाच आमच्या घरी आली, ओसरीवर बसली. सासूबाईंनी तिला पाणी दिलं. ती म्हणाली, "मॅडम, अब्बा येऊन राह्यले सोबत, पण त्यायले तिथलं काही समजत नाही. तुम्ही येता का प्रवेशाच्या दिवशी? सकाळी जाऊ, संध्याकाळी परत."

मी आत जाऊन विचारलं. सोयाबीन काढणीला आलेलं, घरात मजुरांचा स्वयंपाक. नाही म्हणायला एवढं पुरेसं होतं, आणि खोटंही नव्हतं. बाहेर येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं, मॅडम." माझ्यापेक्षा तिलाच जास्त वाईट वाटल्यासारखं तिने केलं, ते मला बरं वाटावं म्हणून.

ती वडिलांबरोबर गेली. दोन आठवड्यांनी तिचा फोटो आला. लांबलचक खोली, दोन रांगांत संगणक, सगळे चालू. खाली लिहिलं होतं, मॅडम, इथं किल्ली मागावी लागत नाही.

मी तो फोटो टाकीला टेकून बघत राहिले. आधी इतका आनंद झाला, की खाली जाऊन जाऊबाईंना दाखवावं वाटलं. मग त्या आनंदाखालून दुसरं काहीतरी वर आलं. मला तिचा हेवा वाटला. माझ्याच विद्यार्थिनीचा, पिंजाऱ्याच्या पोरीचा. गच्चीला चारी बाजूंनी कठडा आहे, मी चारी बाजूंना जाऊन उभी राहिले.

थोड्या वेळाने तिचा दुसरा निरोप आला. पावसाळ्यातली चित्रं सगळी ढगांनी पांढरी येतात, मॅडम, खालचं कसं पाहायचं? सर उद्या विचारणार हाय.

मी तिला लिहिलं, की रडार नावाचा एक प्रकार असतो, त्याला ढगांची अडचण नाही. तीही चित्रं फुकट मिळतात. कुठे, ते पाठवलं. मग खालून हाक आली, मजूर जेवायला आले होते, आणि मी जिना उतरले.